बाबांची पोती

दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी वडिलांच्या फाटकाबाहेर उकिडवी बसून त्यांचा कचरा उपसत असे. वय वर्षं बावन्न. इस्पितळात फार्मसिस्ट, हाताखाली चार माणसं, आणि रबरी हातमोजे घालून पालापाचोळा चिवडतेय. कुणी विचारलंच तर अंगठी हरवली म्हणून सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. एकाच बाईची अंगठी दर आठवड्याला दोनदा आणि तीही त्याच पोत्यात कशी हरवते, एवढा विचार केला नव्हता.

कचरा बागेचा होता, हे आधीच सांगते, नाहीतर भलतंच चित्र डोळ्यांसमोर यायचं. बाबांच्या घरामागे दोन खोल्यांएवढी बाग आहे. एक अंजीर, एक लिंबू, भिंतीवर चढलेली बोगनवेल, चौदा गुलाब, आणि टोमॅटोचा एक वाफा, जो दरवर्षी बाबांना दगा देतो आणि बाबा दरवर्षी त्याला माफ करतात. आई गेल्यापासून त्या घरात बाबा एकटेच. सकाळी बाग, दुपारी वाचन, संध्याकाळी पुन्हा बाग. एवढीशी जागा, पण कचरा मात्र जंगलाएवढा निघतो.

या कचऱ्याची गाडी वेगळी असते. पोती आदल्या संध्याकाळी फाटकाबाहेर ठेवायची, सकाळी सातला गाडी येते. नियम मला तोंडपाठ होते, कारण शाळेत असल्यापासून बाबांनी ते आमच्याकडून घोटून घेतले होते. पानं आणि गवत हिरव्या पोत्यात, मग ती ओली असोत की सुकी. काटक्या तपकिरी पोत्यात. जाड फांद्यांची मोळी, तीही सुतळीने बांधलेली, प्लास्टिकच्या दोरीने नाही. कीड लागलेलं झाड वेगळं, तोंड बांधून. आणि काटे वर्तमानपत्रात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात ‘काटे’ असं लिहायचं. हा शेवटचा नियम सरकारी नव्हता, बाबांचा होता. पोती उचलणाऱ्याला हात असतात, असं ते म्हणत.

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे काम त्यांनी छत्तीस वर्षं केलं. त्यामुळे आमच्या घरात चूक ही गोष्ट नेहमी दुसऱ्याने केलेली असे. आपण ती फक्त पकडायची. मी शाळेतून आणलेली सूचनापत्रंसुद्धा बाबा दुरुस्त करून परत पाठवत. मला वर्गात तोंड दाखवायला जागा उरत नसे. पण सवय लागते. आजही मी औषधाची चिठ्ठी हातात घेतली की आधी चूक शोधते आणि मग औषध.

तर झालं असं. कामावर जाता जाता एका मंगळवारी बाबांना त्यांच्या गोळ्या द्यायला म्हणून मी लवकर गेले. फाटकाबाहेर पोती होती. तपकिरी पोत्याचं तोंड जरा उघडं होतं आणि आत काटक्यांबरोबर चक्क सुकी पानं! मी तिथेच थबकले. ज्या माणसाने काटकीला चिकटलेलं एक पान राहिलं म्हणून मला उन्हात उभं केलं होतं, त्या माणसाच्या पोत्यात काटक्या आणि पानं एकत्र? त्याच्या आदल्याच आठवड्यात बागेचा नळ ते दिवसभर चालू ठेवून विसरले होते.

आता कुणी शहाणी बाई आत गेली असती आणि म्हणाली असती, बाबा, हे असं काय? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला शंका आली आहे हे त्यांना कळलं असतं. त्याहून मोठी भीती धाकट्याची होती. माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, राहतो दुसऱ्या गावात, नवव्या मजल्यावर, आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. बाबांनी एकट्याने राहू नये, हे तो दोन वर्षं दर रविवारी फोनवर सांगत होता. नळाचं त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला होता, “ताई, अजून एक असं काही झालं ना, की मी बाबांना घेऊन जाणार. मग तू मधे पडायचं नाहीस.” नवव्या मजल्यावर! जिथे खिडकीत तुळस ठेवली तरी वाऱ्याने खाली जाते. तिथे बाबा सहा महिने जगले नसते, हे मला ठाऊक होतं.

म्हणून मी हातमोजे आणले. पोती सोडली, तपकिरीतली सुकी पानं मुठीमुठीने काढून हिरव्यात घातली आणि तोंडं पुन्हा बांधली. गाठसुद्धा बाबांचीच मारली, ती छापखान्यातल्या गठ्ठ्यांची, दोन वेढे आणि एक फास. लहानपणी त्यांनीच शिकवली होती. कुणाला कळलं नसतं.

त्याच दुपारी बाबांचा फोन आला. गाडीने पोती नेली नव्हती. वर लाल कार्ड अडकवलं होतं, ‘मिश्र कचरा, स्वीकारला नाही’.

“असेल काहीतरी,” मी म्हटलं. मनात म्हटलं, माझ्या हातून एखादी काटकी हिरव्यात राहिली असणार, घाईत होते. शुक्रवारी जास्त मन लावून केलं. पुन्हा लाल कार्ड. आता मात्र माझा तिळपापड झाला. मी इतक्या काळजीने वेगळं करून ठेवते, म्हणजे मी गेल्यावर बाबा बाहेर येऊन पुन्हा कालवतात की काय? पुढच्या मंगळवारी मी पाच वाजताच गेले आणि एक पान तपकिरीत राहू दिलं नाही. तिसरं कार्ड.

बाबांनी तेव्हापासून पोत्यांवर कागद चिकटवायला सुरुवात केली. हिरव्यावर ‘ओलं’, तपकिरीवर ‘सुकं’, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. ते बघून मला रडूच आलं. बिचाऱ्यांना आठवत नाही म्हणून लिहून ठेवतायत, आणि लिहितायत तेही चुकीचं. आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. पानं आणि काटक्या, बाबा! ओलं आणि सुकं नाही! पण तोंडाला कुलूप. कागद तसेच ठेवून मी आतला माल बदलत राहिले.

मधे एक आठवडा मला ताप आला आणि जाणं जमलं नाही. अंथरुणात पडल्यापडल्या माझं सगळं लक्ष तिकडेच. बरी होऊन गेले तर बाबा कधी नव्हे ते खुशीत होते. “दोन्ही वेळा नेली पोती,” म्हणाले. मी म्हटलं, चला, एखादा दिवस डोकं चांगलं असतं माणसाचं. आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा हातमोजे चढवले.

माणसाचं डोकं चांगलं नसलं की काय होतं, हे मी तिथे स्वतःच्या उदाहरणाने दाखवून देत होते. पण ते नंतर कळलं.

सहा कार्डांनंतर नोटीस आली. बागेच्या कचऱ्याचं वर्गीकरण वारंवार चुकत असल्याने सेवा बंद का करू नये, अशी. बाबांनी ती धाकट्याला फोनवर वाचून दाखवली. मी असते तर नोटीस आधी फाडली असती, पण बाबांना लपवता येत नाही. दोन दिवसांत धाकटा हजर. गाडीच्या डिकीत घडी केलेली रिकामी खोकी.

जेवणाच्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. धाकटा म्हणाला, “बाबा, कचऱ्याचा प्रश्न नाहीये. उद्या गॅस चालू राहील.”

“ते गॅस बंद करतात,” मी म्हटलं. “रोज करतात.”

“ताई, तू त्यांना पाठीशी घालू नकोस. सहा वेळा! सहा वेळा चुकलंय. बाबा, ज्यांनी अख्खा शब्दकोश तपासला, ते बाबा!”

मी बाबांकडे बघत होते. मला वाटलं, आता उसळतील. गेल्या वर्षी याच विषयावर त्यांनी धाकट्याला ताटावरून उठवलं होतं. पण ते पाण्याचा पेला गोल गोल फिरवत राहिले.

“तो बरोबर बोलतोय,” ते म्हणाले. “परत आलेली पोती मी उघडून बघितली. सगळं मिसळलेलं होतं. मला पक्कं आठवत होतं की मी वेगळं केलंय. दर वेळी पक्कं आठवत होतं.” मग म्हणाले, “जे पक्कं आठवतं तेच खोटं निघायला लागलं, तर मग एकट्याने राहू नये. पुढच्या आठवड्यात निघू.”

धाकट्याचा चेहरासुद्धा पडला. तो भांडायच्या तयारीने आला होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तरी मी पहाटे गेलेच. निदान शेवटची पोती तरी बरोबर जाऊ देत, एवढा एक हट्ट. हात घातला होता कोपरापर्यंत, आणि गल्लीच्या टोकाला गाडी वळली. तासभर लवकर. मला उठायलाही वेळ मिळाला नाही. गाडीवरची बाई उडी मारून उतरली, धिप्पाड, डोक्याला रुमाल बांधलेला.

“म्हणजे तुम्ही!” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “मी म्हणतेच, आजोबा एवढे कागद लावून ठेवतात, काटे गुंडाळून ठेवतात, आणि आत हा घोळ कसा?”

“अंगठी,” मी म्हटलं.

“कसली अंगठी? तुम्ही तपकिरीतली पानं हिरव्यात का टाकताय?”

“कारण पानं हिरव्यात जातात,” मी म्हटलं. माझा पारा आता चांगलाच चढला होता. “पानं हिरव्यात, काटक्या तपकिरीत. चाळीस वर्षं हाच नियम आहे.”

“होता,” बाई म्हणाली. “बदलला त्याला सहा महिने झाले. आता ओलं हिरव्यात, सुकं सगळं तपकिरीत, पान असो नाहीतर काटकी. खताच्या थरांना तसंच लागतं. बाग असलेल्या घराघरात पत्रक टाकलंय आम्ही. तुम्हाला नाही आलं?”

मला कुठून येणार? मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्याकडे बाग नाही, कुंडी नाही, दारात एक पायपुसणं आहे.

“मधे एक आठवडा अगदी बघण्यासारखं होतं सगळं,” ती म्हणाली. “मी ड्रायव्हरला दाखवलं, बघ, असं पाहिजे.”

मी तिथेच फरशीवर बसले. माझ्या तापाचा आठवडा. ‘ओलं’, ‘सुकं’. मोत्यासारखं अक्षर. या शहरात पत्रक शेवटपर्यंत वाचणारा जर कुणी एक माणूस असेल तर तो माझा बाप, हे मला ठाऊक नव्हतं का? मी त्यांचा अचूक मजकूर घेऊन सहा वेळा त्यात माझी चूक घातली होती, आणि वर त्यांचीच गाठ मारली होती.

हातमोजे न काढताच मी आत गेले. बाबा चहा गाळत होते, धाकटा पुस्तकं खोक्यात भरत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पहाटेचं, पोत्यांचं, नियमाचं, सगळं. बोलताना रडत होते आणि धाकट्यावर ओरडतही होते, तो काहीच म्हणाला नव्हता तरी.

बाबांनी ऐकून घेतलं. मग माझ्यापुढे चहा ठेवला.

“बस,” ते म्हणाले. “माझ्यासाठी इतकं खोटं बोलू नकोस गं.”

“खोटं नाहीये!”

“ताई, पुरे आता,” धाकटा म्हणाला. “बाबांनी मोठ्या मनाने मान्य केलंय. त्यांना आणखी गोंधळात टाकू नकोस.”

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. महिनाभर मी लपवाछपवी केली, तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. आज एकदाच खरं बोलले तर मी मायेपोटी थापा मारतेय! खोक्याला बांधायला आणलेली सुतळी टेबलावर होती. मी ती ओढून घेतली, बाबांच्या समोरच्या वर्तमानपत्राच्या गठ्ठ्याला दोन वेढे दिले आणि फास ओढला.

बाबा त्या गाठीकडे बघत राहिले. बोटाने चाचपून बघितली.

“गाठ माझी होती,” ते हळूच म्हणाले. “दर वेळी मी आधी गाठ बघायचो. ती माझीच असायची. म्हणून दुसरं कुणी असेल, हे मनातच आलं नाही.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज चढला, महिन्याभरात पहिल्यांदा. “अगं, दुसऱ्याच्या मजकुरात चूक दिसली तर बाजूला खूण करायची असते! विचारायचं असतं! परस्पर बदलतं का कुणी? एवढंसुद्धा शिकवलं नाही मी तुला?”

इतका आनंद मला त्यांच्या रागावण्याचा कधी झाला नव्हता.

धाकटा मात्र सहजासहजी मानणारा नव्हता. मंगळवारपर्यंत थांबतो, म्हणाला. बाबांनी एकट्याने पोती भरायची, ताईने हात लावायचा नाही. गाडीने नेली तर खोकी परत डिकीत.

सोमवारी दुपारी मी मुद्दाम सुट्टी घेतली. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घातले, कारण ते शिवशिवत होते. बाबांनी अंजिराखालचा पाला झाडून ढीग केला. पूर्वी ते हे काम असं करत की बघत राहावं, डावा हात हिरव्याकडे, उजवा तपकिरीकडे, नजर न हलवता. आता ते प्रत्येक मूठ उचलून डोळ्यांजवळ नेत होते. टाकत होते, पुन्हा वाकून काढत होते, पुन्हा टाकत होते. एक पोतं भरायला तास लागला. एकदा त्यांनी एक अंजिराचं पान धरलं, अर्धं हिरवं, अर्धं पिवळं पडून वाळलेलं.

“हे कशात?” त्यांनी मला विचारलं.

बाबांनी मला.

“मला नाही माहीत, बाबा,” मी म्हटलं. “मला तर नियमच माहीत नव्हता.”

त्यांनी पान उलटंसुलटं करून बघितलं. मग ते त्यांनी खिशात ठेवलं.

मंगळवारी सातला गाडी आली. आम्ही तिघं फाटकात. बाईने हिरवं पोतं उघडलं, हात आत घालून ढवळलं. तपकिरी उघडलं. काट्यांचं पुडकं वेगळं ठेवलं. “एकदम झकास, आजोबा,” ती म्हणाली आणि पोती वर फेकली. कार्ड नाही, काही नाही. ऑफिसात नोटिशीचं काय ते मी सांगते, म्हणाली आणि गाडी गेलीसुद्धा.

माझा जीव भांड्यात पडला. धाकट्याने मुकाट्याने पुस्तकं कपाटात परत लावली, तीही आमच्या घरच्या शिस्तीप्रमाणे विषयवार, आणि जाताना बाबांच्या पाया न पडता नुसता त्यांचा खांदा दाबला. मला म्हणाला, “ताई, तू आता बाबांपासून जरा लांबच राहा.” वर हसला. मीही हसले.

तो गेल्यावर बाबा बागेतल्या नळाखाली हात धूत होते. मी म्हटलं, “झालं ना मनासारखं? आता कुठे जायचं नाही. मी कानाला खडा लावला, तुमच्या पोत्यांकडे बघणारसुद्धा नाही.”

“नाही,” ते म्हणाले. “तू येत जा.”

“कशाला? सगळं बरोबर होतं की! पहिल्यापासून बरोबरच होतं. चूक माझी होती, बाबा.”

“माहीत आहे गं. समजलंय मला.” त्यांनी नळ बंद केला. बंद झालाय का ते वाकून पाहिलं, पुन्हा एकदा हाताने घट्ट केला. “पण गाठ मारली की वाटतं, सोडून बघावं. बघितलं की वाटतं, नीट बघितलं का? काल दिवेलागणीपर्यंत चार वेळा सोडलं. तू एकदा बघितलंस, की मग मला सोडावं लागणार नाही.”

मी हो म्हटलं. आणि शुक्रवारी पहाटे गेले तेव्हा बाबा फाटकापाशी उभे होते, दोन्ही पोत्यांची तोंडं उघडून, माझी वाट बघत.